माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली, किंमत काय येईल?

नौपाडाकर:
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, माळा रिकामा करताना गोणपाटात गुंडाळलेली आजोबांची बंदूक निघाली. कणकवलीकडे शेतात डुकरं, माकडं यायची म्हणून ठेवलेली एवढंच बाबांना आठवतंय, परवाना काही सापडत नाहीये. टोपीची आहे (घोडा बारक्या टोपीवर आपटला की बार उडतो तसली), घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट, खाली व्ही आर, पुढे १८६२ टॉवर. नळीवर तीन कड्या. एक अँटिकवाला फोटो बघून म्हणाला एनफिल्ड रायफल आहे, आठ हजार देतो, आत्ताच नेतो. नेटवर डॉलरमधले भाव बघून डोळे पांढरे झाले. चमकवली तर जास्त येतील का? ब्रासो आणलाय.

खारघरचा_जुनाबाजार:
ब्रासो आधी खाली ठेवा!! जुना रंग गेला की किंमत गेली.
आणि त्याआधी, बार भरलेला नाही ना? गावाकडे भरून ठेवायचे आणि विसरायचे. घोड्याला हात लावू नका, तोंड भिंतीकडे, आपण बाजूला उभं राहून गज (बार ठासायची सळई) हळू आत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा, मग बाहेरून टोपी बसते तिथपर्यंत लावून बघा. आखूड पडला तर आत काहीतरी आहे.
टॉवर म्हणजे लंडनच्या किल्ल्यातच बनली असं नाही, सुटे भाग बर्मिंगहॅमचे कारागीरही करायचे. शोभेच्या नकलांवरही टॉवर असू शकतं. खरी १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल साधारण ५५ इंच, नळी ३९, आत तीन आटे (गोळी फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा), भोक १४.७ मिमीच्या आसपास.

ऐरोलीकर_वकील:
किंमत राहू दे, आधी कायदा. जुनी म्हणजे आपोआप सूट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ ची सवलत दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच हत्याराला आहे. तुमची चालू शकत असेल तर परवाना लागतो, बिनपरवाना विकणाराही अडकतो आणि घेणाराही. पिशवीत घालून चौकीत जाऊ नका, आधी फोन करून विचारा. डॉलर पण विसरा, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे तुम्हाला बाहेर पाठवता येत नाही.

नौपाडाकर:
गज चार बोटं आखूड पडला 😰 आई त्या खोलीत जात नाहीये. टॉर्चने लांबूनच तोंडाशी पाहिलं, आत एकदम गुळगुळीत, आटे नाहीतच. मागची नेम धरायची साईट पण नुसता ठोकळा, वर-खाली होत नाही. म्हणजे नकली?

खारघरचा_जुनाबाजार:
उलट, आता मजा आली. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना आट्यांच्या रायफली द्यायच्या थांबवल्या, तीच एनफिल्ड पण भोक १६.७ मिमी, गुळगुळीत, साईट पक्की. लांबवरचा नेम लागू नये म्हणूनच. ठोकळ्याच्या जागी जुन्या वर-खाली होणाऱ्या शिडीच्या साईटचे डाग दिसतात का ते नंतर बघू, दिसले तर गावच्या लोहाराने छर्ऱ्यांसाठी भोक वाढवलेलं असू शकतं. थोडक्यात ती रायफल नाहीच, अँटिकवाल्याला एकतर कळत नाही किंवा फार कळतं. पण घेणाऱ्यालाही परवाना लागणार म्हणजे गिऱ्हाईक थोडं, नेटचा भाव धरू नका. बार परवानाधारक कारागीरच काढेल, तुम्ही काही टोचू नका.

नौपाडाकर:
चौकीत फोन केला. साहेब म्हणाले जागेवरच ठेवा, आम्ही येतो. बिल्डरची माणसं पण उद्याच यायचीयेत.