गटसत्र घेणाऱ्याने स्वतःला सुधारायचं कसं? सल्ला हवा (कोल्हापूर)

पेठेतला_दादा
नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेत मंडळाच्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलामुलींची रविवारी सत्रं घेतो. ऑनलाइन फसवणूक, मोबाईल, वयात येतानाचे बदल असे विषय. दंगा नाही, शेवटी "लई भारी झालं दादा" म्हणतात. पण प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली, आणि उत्तर शेवटी मीच देतो. मी सुधारतोय की नुसता सरावलोय, हे ओळखायचं कसं? नोकरीमुळे मोठं प्रशिक्षण जमणार नाही.

बीएड_झालेली
प्रशिक्षण राहू दे. बीएडचं सूक्ष्म अध्यापन (छोटासा पाठ घेऊन शिकवण्याचा सराव) ज्यांनी केलंय त्यांना आठवेल: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६. एका वेळी एकच कौशल्य. आपण बहुतेकांनी ते फाईल भरण्यापुरतं केलं आणि सोडून दिलं, पण खरा फायदा आहे तो पुन्हा पाठ घेण्यात. तुमच्याकडे दोन गट असतील तर पहिल्यात जे फसलं तेवढाच तुकडा बदलून दुसऱ्यात घ्या. सगळं सत्र नको, सुरुवातीचे दोन प्रश्न पुरे.

आणि "माना खाली" याचं उत्तर बहुधा तुमच्या घाईत आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले तशी मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. मुलाने उत्तर दिल्यावरही तेवढंच थांबायचं, लगेच "शाब्बास" नको. हे विसरतात सगळेच.

लाल_माती
तालमीत वस्ताद "छान खेळलास" म्हणत बसतो व्हय? पाय कुठं चुकला ते सांगतो आणि तोच डाव परत मारायला लावतो. तुम्हीबी तसंच करा भावा.

बीएड_झालेली
पटलं, पण अर्धंच. तालमीत वस्ताद बाजूला उभा असतो, दादांच्या खोलीत कोण आहे? म्हणून एखादा सहकारी मागे बसवा आणि काय बघायचं ते आधीच सांगा. "कसं झालं?" विचारलंत तर तोही "भारी"च म्हणणार. त्याच्या हातात कागद द्या, मुलं बसलीत तशी वर्तुळं काढायची, जो बोलेल त्याच्या वर्तुळात खूण. तेच दोघे-तिघे बोलतायत का, मुली किती बोलल्या, हे कागदावर दिसतं. मत मागायची गरजच पडत नाही.

पेठेतला_दादा
ताई, फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐकलं तर?

आई_आणि_शिक्षिका
मध्येच बोलते. वयात येण्याच्या विषयाला रेकॉर्डिंग अजिबात नको, फोन दिसला की मुली तोंडच उघडणार नाहीत. फसवणुकीच्या सत्राला चालेल, पण पालकांना आणि मुलांना आधी विचारून. फक्त आवाज, ऐकून झालं की पुसायचं, ग्रुपवर टाकायचं नाही.

मुलांकडून चिठ्ठ्याही घ्या, नाव न घालता. "आवडलं का?" नको. "अनोळखी माणसाने ओटीपी मागितला तर आधी काय करशील?" असं विचारा. काय पोचलं ते उत्तरांवरून कळतं. खाली एक ओळ: आज कुठे कंटाळा आला? सुरुवातीला कोरी येईल, दोन-तीन रविवारांनी भरायला लागेल.

पेठेतला_दादा
वर्तुळांचा कागद या रविवारी करतो. मागे बसायला मंडळातला एकजण तयार आहे, पण तो मुलांना हसवत बसेल अशी भीती.

बीएड_झालेली
मग तो नको. मुलं ज्याच्याकडे बघणारच नाहीत असा शोधा. नाहीतर दहावी झालेली तुमचीच एखादी जुनी विद्यार्थिनी बोलवा, त्या जास्त बारकाईने बघतात. आणि निकाल त्याच दिवशी दहा मिनिटांत ऐका, आठवड्याने नको.

लाल_माती
हे बरोबर. आणि चहा त्या पोरीला दादांनी पाजायचा 😄