साथीच्या दिवसांत चर्चमध्ये आणि घरोघरी: अनुभव लिहा

गावठाण_ठाणे
2 नोव्हेंबर, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला की कबरस्तानं साफ होतात, गावठाणातल्या जुन्या क्रुसांना रंग लागतो. तो क्रुस बघितला की प्लेगच आठवतो. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि त्या काळात मुंबईच्या गावठाणांत असे कितीतरी क्रुस उभे राहिले. घरात उंदीर मरून पडायचे, त्यांच्या पिसवा माणसांवर यायच्या. अशा वेळी उघड्यावर जमून रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणण्यात श्रद्धाही होती आणि शहाणपणही. ज्यांनी धर्मग्रामात (कॅथलिक पॅरिशमध्ये) किंवा मंडळीत साथीचं काम सांभाळलंय त्यांनी नेमकं लिहा, किती, कसं, कुठे चुकतं.

नेरूळची_मावशी
2 नोव्हेंबरचंच घ्या ना. पाऊस नुकताच संपलेला, डेंग्यू जोरात, आणि आपण प्रत्येक कबरीवर फुलदाणीत स्वच्छ पाणी भरून ठेवतो. एडिस डासाला तेच हवं असतं. अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. फुलदाणीत ओली वाळू भरा, फुलं तशीच टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. ब्रशने घासा. चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्याच्या भांड्यालाही हेच, आठवड्यातून एकदा रिकामं, घासून, पुसून. त्यात चिमूटभर आशीर्वादित मीठ असलं तरी त्याने अळ्या मरत नाहीत.

बाक_पुसणारा
सॅनिटायझर लावून लगेच मेणबत्ती पेटवू नका!! हात पूर्ण कोरडे होऊ द्या, अल्कोहोल पेट घेतं. बाटली वेदीजवळ नको, दाराशी ठेवा.
बाकं पुसायला 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीच), 1 भागाला 4 भाग पाणी, म्हणजे 1 टक्का होतं. रोज सकाळी ताजं करा. शौचालय धुवायच्या अॅसिडमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि वेदीवरच्या चांदीच्या प्याल्याला अजिबात लावू नका, काळा पडतो. त्याला साबण आणि गरम पाणी.

ऐरोली_७०८
आमच्या प्रभुभोजनाला एकच प्याला नसतो, छोटे प्याले असतात, त्यामुळे सोपं गेलं. फक्त ट्रे उचलणाऱ्याने हात धुतलेत का ते बघा. मेसेज तुटक आहे, कुकर लागलाय 🙂

सेवेत_आहे
आजाऱ्याला तेल लावण्याबद्दल. बायबलमधल्या याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवायला सांगितलंय, अंगठ्यानेच लावा असं नाही. कॅथलिक धर्मसंहितेचा नियम 1000 गंभीर कारण असेल तर साधन वापरायची मुभा देतो. कापसाचा बोळा, एका माणसाला एक, नंतर जाळून टाकायचा.
फोनवर प्रार्थना केली की लगेच ऑक्सिजन विचारायचा. करोनात बोटावरच्या ऑक्सिमीटरवर 94 च्या खाली गेलं की डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही. नेलपॉलिश, मेंदी, गार बोटं असली की आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, मिनिटभर हलू नका, मग वाचा.

गावठाण_ठाणे
@सेवेत_आहे खूप उपयोगी. अंत्यविधीचं कोणी लिहील का?

बाक_पुसणारा
केंद्र सरकारच्या करोनाबद्दलच्या मार्च 2020 च्या सूचनांत शास्त्रवाचन आणि पवित्र पाणी शिंपडणं चालत होतं, अट एकच, मृतदेहाला हात लावायचा नाही. चुंबन नाही, आंघोळ नाही. दहन झालं तरी कॅथलिकांना बंदी नाही. पण अस्थी विखरायच्या नाहीत, घरी ठेवायच्या नाहीत, कबरस्तानात किंवा तशाच पवित्र ठिकाणी जागा द्यायची. हे घरच्यांना आधीच सांगावं लागतं, नाहीतर दुःखात वाद होतात.

इतिहासवेडी_ठाणे
उघड्यावरच्या प्रार्थनेचा धागा इटलीतल्या मिलानपर्यंत जातो. 1576 च्या प्लेगात आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओंनी चौकाचौकांत वेद्या मांडल्या, कारण घरात कोंडलेल्यांना खिडकीतूनच मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) दिसणार होती. 1527 च्या प्लेगात जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर शेवटपर्यंत आजाऱ्यांसाठी थांबले. पण औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, हेही त्यांनी लिहून ठेवलं. थांबणं आणि जपणं, दोन्ही.

वाशी_सेक्टर
क्षयरोगाचं कोणीच बोललं नाही? दोन आठवडे खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा, पालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. उपचार साधारण 6 महिने. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि मग लोक आरोग्यप्रार्थनेला येऊन गोळ्या सोडतात. प्रार्थना घेणाऱ्यांना हात जोडून विनंती, "गोळी चालू आहे ना?" हे प्रार्थनेआधी विचारा. सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे, आधीच सांगा म्हणजे घाबरून थांबत नाहीत.

नेरूळची_मावशी
हे आमच्या पाळकांना पाठवते आत्ताच.
जरा वेगळं, क्रुसाकडच्या लादाईनला (सामूहिक प्रार्थनेला) वाटायचे चणे किती वेळ भिजवता? माझे कडकच राहतात.

ऐरोली_७०८
8 तास तरी. भिजवायच्या पाण्यातच थोडं मीठ घाला, साल लवकर नरम होते.

बाक_पुसणारा
आणि वाटेपर्यंत गरम ठेवा. गार करून दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, उरलेले फ्रीजमध्ये.