नाव नांदेडच्या यादीत, राहायला हडपसरला: फॉर्म ६ भरायचा की ८?

नवा_भाडेकरू:
माझं नाव नांदेडच्या मतदार यादीत आहे. बायकोचं परभणीला, माहेरच्या नावाने. आता दोघंही हडपसरला भाड्याने राहतो. सायबर कॅफेवाला म्हणतो, सरळ नवीन नोंदणी टाका, लवकर होतं. घरमालक म्हणतात, लाइटबिल माझ्या नावावर, तुमचं काम होणार नाही. नेमकं काय करायचं?

यादीभाग_११७:
कॅफेवाल्याचं अजिबात ऐकू नका. फॉर्म ६ हा नाव कुठल्याच यादीत नसलेल्यांसाठी असतो, आणि त्यात खाली तसं प्रतिज्ञापन करावं लागतं. नांदेडला नाव असताना ते भरलं की खोटं प्रतिज्ञापन झालं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय नांदेडचं नाव तसंच राहतं आणि दुबार मतदार म्हणून नोटीस येऊ शकते.

तुम्हाला फॉर्म ८ लागेल. ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर, दुरुस्ती, मतदार कार्डाची दुसरी प्रत आणि दिव्यांग नोंद ही चारही कामं याच फॉर्मवर होतात. मात्र एका अर्जात एकाच कामावर टिक करता येते. म्हणजे वहिनींचे दोन अर्ज: आधी स्थलांतर, तो मंजूर झाला की नाव आणि नात्याची दुरुस्ती (वडिलांऐवजी पती), विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून. नाव बदलायलाच हवं अशी सक्ती नाही, हेही सांगून ठेवतो.

अर्ज निवडणूक आयोगाच्या voters.eci.gov.in या पोर्टलवर. स्थलांतरात ‘विधानसभा मतदारसंघाबाहेर’ हा पर्याय निवडा. कार्डाचा नंबर जुनाच राहतो.

टेबल_क्र_३:
पत्त्याच्या पुराव्याबद्दल. लाइटबिल हा अनेक पर्यायांपैकी एक आहे. नवा पत्ता टाकलेलं आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार, यातलं एक पुरे. भर ‘नोंदणीकृत’वर. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणलेला कागद इथे उपयोगाचा नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी तशीही बंधनकारकच आहे. यातलं काहीच नसेल तरी अर्ज करता येतो, मग बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) प्रत्यक्ष पडताळणी झालीच पाहिजे.

आणि अर्ज बहुतेक वेळा अडतो तो इथेच. बीएलओ म्हणजे कुठल्यातरी शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका, शाळा सुटल्यावर फिरणार. दोघं कामावर, दाराला कुलूप, वॉचमन सांगतो ‘असं कुणी राहत नाही’, की शेरा पडला. म्हणून फ्लॅट नंबर, विंग, सोसायटीचं पूर्ण नाव लिहा, चालू मोबाइल द्या आणि वॉचमनला आपली नावं सांगून ठेवा. संदर्भ क्रमांक जपून ठेवा, स्थिती त्यावरूनच कळते. अडलं तर १९५० वर फोन.

प्रभागरचना:
मुदतीचं कुणी लिहिलं नाही. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीला हात लावता येत नाही, आणि त्याआधी हरकतींसाठी सात दिवस लागतात. त्यामुळे साधारण दहा दिवस आधी आलेलेच अर्ज बसतात. २०२४ च्या विधानसभेला उमेदवारीची मुदत २९ ऑक्टोबर होती, नावनोंदणीची १९ ऑक्टोबर.

महापालिकेचं गणित वेगळं. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच, पण एका ठरावीक तारखेची, प्रभागवार फोडलेली. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. मधल्या काळात नाव आणलेल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. तेव्हा निवडणुकीची वाट न बघता आत्ताच अर्ज टाका.

नवा_भाडेकरू:
धन्यवाद, आज रात्रीच भरतो. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर? मतदानाला रेशनकार्ड चालेल का?

टेबल_क्र_३:
रेशनकार्ड चालत नाही. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक चालतं. नांदेडचा पत्ता असलेलं जुनं कार्डही चालतं, फक्त नाव हडपसरच्या त्या केंद्राच्या यादीत हवं. घरी येते ती मतदार चिठ्ठी ओळखपत्र नव्हे. २०१९ पासून नुसत्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. पण तिच्यावरचा यादी भाग आणि अनुक्रमांक पहिल्या टेबलवर सांगितलात तर नाव पटकन सापडतं.

डिजिटल कार्डाच्या भरवशावर जात असाल तर प्रिंट काढा. फोन आत नेता येत नाही.

यादीभाग_११७:
एक राहिलं. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं निघालं तर तसेच परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की मतपत्रिका मिळते; हे मत मशीनवर नाही, कागदावर, आणि वेगळ्या पाकिटात बंद होतं.