पर्सनल ट्रेनर चांगला आहे हे ओळखायचं कसं?

चहाबाज४७:
नमस्कार मंडळी. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणाले चालताय ते ठीक पण आठवड्यातून दोनदा वजनं पण उचला. घराजवळच्या जिममध्ये गेलो तर काउंटरवरचा मुलगा ३ महिन्यांचं पर्सनल ट्रेनिंग गळ्यातच मारायला लागला, आणि ट्रेनरचे दंड बघून मी घाबरलो ते वेगळंच. पैसे भरायच्या आधी कळणार कसं की माणूस कामाचा आहे का नुसताच पिळदार?

घरकोंबडी:
दंड सोडा हो, तो विचारतो काय ते बघा. माझ्या पहिल्या जिमवाल्याने पहिल्याच दिवशी इतके स्क्वॉट मारायला लावले की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू आलं, आणि त्याला वाटलं भारी वर्कआउट झालं. आताची ट्रेनर आहे तिने पहिल्या दिवशी वजनाला हातच लावू दिला नाही, ऑपरेशन झालंय का, गोळ्या कुठल्या, झोप किती सगळं वहीत लिहून घेतलं, मग म्हणाली खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा आणि बाजूने बघत उभी राहिली. उठताना माझा डावा गुडघा आत वळतो हे मला त्या दिवशी कळलं! पुढचे २ आठवडे नुसती खुर्चीच.

दमछाक:
गोळी कुठली हे त्याने विचारलंच पाहिजे. बीटा ब्लॉकर असेल तर ठोके फारसे वाढतच नाहीत, मग घड्याळात १४० दिसेपर्यंत पळवणारा भेटला तर अवघड आहे. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा दम पुरे. आणि वजन उचलताना श्वास कोंडला की बीपी चढतं, तेव्हा 'श्वास सोडा' म्हणून मागे लागतो का बघा. सर्टिफिकेट विचाराच, एसीईसारख्या (ट्रेनरना सर्टिफिकेट देणारी अमेरिकन संस्था) ठिकाणी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार, शिकल्याशिवाय ते मिळत नाही. अर्थात आमचा सर्टिफिकेटवाला सगळा वेळ मोबाइलमध्ये असायचा, माझे १२ झाले तरी त्याचे ८च.

तांबडापांढरा:
आमच्या तालमीत वस्तादांकडं कसलं सर्टिफिकेट? पण जोर मारताना कंबर पडली की पार दारातनं हाक यायची. नव्या पोराला आधी आखाडा खणायला लावायचे, आम्ही मनात शिव्या घालायचो. पण बीपीवाल्या माणसाला त्यांनी पण शंभर बैठकाच सांगितल्या असत्या, ते पण खरं.

चहाबाज४७:
ट्रायल मागून घेतली. गोळीचं नाव सांगितलं तर ट्रेनरला काही कळलं नाही, पण म्हणाला सर आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग चालू करू. काउंटरवरच्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चिठ्ठी दिली, सध्या एकाच महिन्याचे भरलेत. निघताना प्रोटीनचा डबा दाखवलाच त्याने, म्हटलं घरी अंडी आहेत.