मदत हवी आहे: स्वीट वॅटल चिकणमातीत जगेल का?

मी सिडनीत राहते. जवळच्या वालुकाश्माच्या टेकडीवर, निलगिरीच्या झाडांखाली, रेताड जमिनीत स्वीट वॅटल म्हणजे अकेशिया सुआव्हिओलेन्सची झुडपं आपसूक वाढतात. ऐन थंडीत फिकट पिवळ्या गोंड्यांनी भरतात, आणि वास तर अहाहा! बाभळीच्याच गोतातलं, पण काटे नाहीत. 'पानं' म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ. मोह आवरला नाही, नर्सरीतून रोप आणलं. आमच्या अंगणात मात्र चिकणमाती, पाणी साचतं. दोन महिन्यांत खालची पानं पिवळी पडलीत. वाळू मिसळून उंच वाफा करू, की सरळ कुंडीत हलवू? सवयीनं शेणखत घातलं, तेच नडलं का? आणि बियांचं कडक कवच फुटून त्या रुजाव्यात म्हणून त्यांवर उकळतं पाणी ओतून (रानात हे काम वणवा करतो) कुणी रोपं केलीत का?