मदत हवी आहे : ऑनलाइन मॉड्युलर किचन, घोडबंदर रोड. पैसे भरण्याआधी माझा आराखडा तपासून द्याल का?

कासारवडवली_७

स्वयंपाकघर एल आकाराचं. कॅबिनेट सुट्या पाट्यांत ऑनलाइन मागवणार आहे, आराखडा वेबसाइटच्या प्लॅनरवर काढला आहे. मापं मिलिमीटरमध्ये, टाइल्स लागल्यानंतरची.

लांब भिंत (हलक्या ब्लॉकची): फरशीपाशी २४३०, ओट्याच्या उंचीला २४३६, वर २४४२.
आखूड भिंत (काँक्रीटची, बिल्डिंग मिवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेली): कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत २१४०. खिडकी कोपऱ्यापासून ५०० ते १५००.
सिंकचा ट्रॅप (सांडपाणी जायचं तोंड): आखूड भिंतीवर, कोपऱ्यापासून ९००.
महानगर गॅसचा व्हॉल्व्ह: लांब भिंतीवर, कोपऱ्यापासून १२००, ओट्याच्या खाली.

प्लॅन: लांब भिंतीवर कोपऱ्याचं कॅबिनेट १०००, सिंक ८००, ड्रॉवर ६००, एकूण २४००. आखूड भिंतीवर लांब रांगेची खोली ६०० सोडून १५४० उरतात, त्यात ३०० + ६०० + हॉबचं (ओट्यात बसवायच्या शेगडीचं) ६०० = १५००. हॉब दाराकडच्या टोकाला आहे, खिडकी शेजारीच असल्याने चिमणीची नळी लगेच बाहेर काढता येईल.

प्रश्न असे: बिल्डरचा ओटा (कडप्प्याच्या उभ्यांवर ग्रॅनाइट) ठेवून खाली ही कॅबिनेट बसतील का? आराखड्यात काय चुकतंय? पुढेमागे डिशवॉशर घ्यायचा आहे, त्याची सोय आत्ता काय करू?

सुतारपक्षी

ओट्याचं आधी. ठेवू नका. कडप्प्याच्या दोन उभ्यांमधलं मोकळं अंतर कधी ५८५ असतं, कधी ६१०, आणि उभी सरळ असेलच असं नाही. ६०० चं तयार कॅबिनेट त्यात शिरत नाही किंवा बाजूला फट राहते. शिवाय कडप्प्यावर बिजागरी बसत नाही, आतून लाकडी चौकट द्यावी लागते. ओटा ठेवायचाच असेल तर जागेवर माप घेऊन ट्रॉल्या करणारा कारागीर गाठा. ऑनलाइन मागवायचं असेल तर ओटा काढा आणि त्याची परवानगी व डेब्रिसचं सोसायटीकडे आधी विचारून ठेवा.

आता आराखडा. तिन्ही उंचीची मापं घेतलीत हे उत्तम. हिशेब सर्वांत लहान मापावर, म्हणजे २४३० वर करायचा. लांब भिंतीवरची बेरीज बसते आहे, शेवटचे ३० फिलर पट्टीत (फट झाकायच्या पट्टीत) जातील. मात्र कोपऱ्याच्या १००० च्या कॅबिनेटचं ६०० आखूड रांगेच्या आड जातं आणि ५० पट्टीत, दार उरतं ३५० चं. प्लॅनर हे चित्रात ठळक दाखवत नाही, त्यामुळे तिथे मोठी पातेली जातील असं धरून चालू नका.

खरी अडचण हॉबच्या जागेची आहे. दाराला लागून हॉब असेल तर कढईचा दांडा वाटेत येतो आणि भांडं उतरवायला एका बाजूला ओटाच उरत नाही. हॉबच्या दोन्ही बाजूंना किमान ३०० तरी हवेत. त्यात एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार, मधल्या वाऱ्यात ज्योत हलणारच. सिंकचंही तसंच: ट्रॅप एका भिंतीवर आणि सिंक दुसऱ्या, म्हणजे सांडपाण्याचा पाइप दोन कॅबिनेटमधून काटकोनात वळणार. शितं आणि तेलकटपणा त्या वळणावर बसतो.

दोन्हींची अदलाबदल करा. लांब भिंत: १००० कोपरा, ८०० वर हॉब, ६०० ड्रॉवर, ३० पट्टी. आखूड भिंत: ५० कोपऱ्याची पट्टी, ६०० सिंक, ६०० सुटं, २५० बाटल्यांचं पुलआउट, १८ ची शेवटची पाटी, २२ ग्रॅनाइटचा पुढावा. बेरीज बरोबर १५४०. सिंकचं कॅबिनेट कोपऱ्यापासून ६५० ते १२५० मध्ये येतं, ट्रॅप ९०० वर, म्हणजे आतच. २५० चं मिळत नसेल तर २०० चं घ्या आणि उरलेले ५० त्या सुट्या कॅबिनेटच्या बाजूला द्या. कोपऱ्यातली ५० ची पट्टी मात्र वाचवू नका. ती नसेल तर तिथलं दार किंवा ड्रॉवर उघडताना शेजारच्या हँडलला आपटतो.

नेरूळ_सेक्टर_२०

वरच्या बदलाला दुजोरा, पण गॅसचा व्हॉल्व्ह विसरू नका. नव्या प्लॅनमध्ये तो ८०० च्या कॅबिनेटच्या मागे येतो. तिथे ड्रॉवर केलेत तर व्हॉल्व्ह हाताला लागणार नाही. एक तर त्या कॅबिनेटला हवा खेळेल अशी साधी दारं ठेवा आणि मागची पाटी कापा, नाही तर व्हॉल्व्ह ओट्याच्या वर घ्या. पाइप हलवायचं काम महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच, आपल्या प्लंबरकडून अजिबात नाही. पाइप किंवा मीटर बंद कपाटात कोंडायचा नाही. गळती झाली तर वास बाहेर यायला हवा. हॉब पाइप गॅसच्या जेटचा (बर्नरमधल्या गॅसच्या बारीक छिद्राचा) आहे ना, हेही मागवताना पाहा. सिलिंडरचे जेट वेगळे असतात.

चिमणीची नळी १५० व्यासाचीच ठेवा, बारीक केली की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. हॉबच्या मध्यापासून कोपरा १४०० वर आहे, एक वळण घेऊन खिडकीपर्यंत जाईल. मिवानच्या काँक्रीट भिंतीला भोक पाडू नका, ती भिंत इमारतीचा भार वाहते. खिडकीची वरची काच काढून तिथे भोक असलेली ॲल्युमिनियमची पाटी बसवतात. खिडकी बाहेरून दिसते, म्हणून आधी सोसायटीला विचारा.

वरच्या कॅबिनेटचं वजन लांब भिंतीवर येणार. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिक गिट्टा धरत नाही, भरलेलं कपाट हळूहळू पुढे झुकतं. त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर घ्या आणि लटकवायची पट्टी भिंतभर सलग असू द्या.

कासारवडवली_७

हॉब-सिंक बदलतो, व्हॉल्व्ह वर घेण्यासाठी अर्ज करतो. ओट्याची उंची काय धरू? मुख्य स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं कोपर फरशीपासून ९८० वर येतं.

सुतारपक्षी

कोपरापासून १०० ते १५० खाली. म्हणजे ८३० ते ८८०, मध्ये ८६० घ्या. पाय १२०, कॅबिनेट ७२०, ग्रॅनाइट २०. डिशवॉशरचं उत्तरही यातच आहे. सुट्या मशीनची उंची साधारण ८४५ असते, ग्रॅनाइटखाली मोकळे मिळतात ८४०. वरचं झाकण काढता येणारं मॉडेल घेतलं तर ८१५ ते ८२० वर येतं आणि पायांना जुळवायला जागाही उरते. म्हणून सिंकशेजारचं ६०० चं कॅबिनेट बाजूच्यांना स्क्रूने जखडू नका, उद्या ओढून काढता आलं पाहिजे. नळाचा फाटा आणि १६ अँपिअरचा सॉकेट आत्ताच करून ठेवा, पण सॉकेट सिंकच्या कॅबिनेटच्या बाजूच्या भिंतीवर उंच. मशीनच्या मागे असेल तर प्लग काढायला मशीनच ओढावं लागेल. काँक्रीट भिंतीत खाचे मारायचे नाहीत, वायर कॅबिनेटच्या मागून केसिंगमधून आणा.

नेरूळ_सेक्टर_२०

सिंक आणि हॉब कॅबिनेटच्या आधी विकत घ्या, त्यांच्या कटआउटची मापं प्रत्येक मॉडेलची वेगळी. ग्रॅनाइटचं माप खालची कॅबिनेट लेव्हलला बसल्यावरच द्यायचं, प्लॅनरच्या चित्रावरून कधीच नाही. पाय लावताना फरशीचा सर्वांत उंच बिंदू शोधून तिथून सुरुवात करा.

सिंकखालचं कॅबिनेट आयएस ७१० (भारतीय मानक, मरीन प्लाय) च्या प्लायचं मागा, बाकीची आयएस ३०३ च्या बीडब्ल्यूआरची (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायची) चालतील. पाइपसाठी कापलेली प्रत्येक कड सिलिकॉनने बंद करा. खाडीजवळच्या दमट हवेत पाटी तिथूनच फुगते.

ग्रॅनाइटवाला मिस्त्री इंच-सुतात बोलतो. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या जरा आत. तुमची मापं त्याला मिलिमीटरमध्येच लिहून द्या, तोंडी नको.

माल आल्यावर बिजागऱ्या आधी तपासा. दार पूर्ण पाटीवर चढत असेल तर झिरो क्रँक (सरळ हाताची बिजागरी), दोन दारं एकाच पाटीवर असतील तर आठ क्रँक (हात थोडा वळलेली). ९०० पेक्षा उंच दाराला दोन पुरत नाहीत, तीन लागतात. डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी खोके मोजा, चेपलेल्या खोक्यांचे फोटो काढा आणि तसा शेरा त्याच कागदावर लिहा.