सोलापूरचा पिन ४१३००१: संख्या भारी, की आपलंच कौतुक?

सातरस्ताकर
काल पाकिटावर पिन लिहिताना हात थांबला. ४१३००१. अंकांची बेरीज ९, म्हणजे नवाने भाग जाणारच: ४५८८९. पुढे मात्र घाम फुटला. सात, अकरा, तेरा, सतरा, कशानेच जाईना. शंभरी ओलांडल्यावर सुटलं: १०९ × ४२१, दोन्ही मूळ संख्या. शिवाय आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी हर्षद म्हटलंय. आपला पिन हर्षद आहे! साधासुधा आकडा नाही हा.

हातमाग
पिन म्हणजे पत्ता. १९७२ साली टपाल खात्याने वाटले, पहिला ४ महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेशाकडचा विभाग दाखवतो. उद्या घरनंबराची पत्रिका मांडशील. आणि हर्षदचं कौतुक दहा बोटांपुरतं बे. बोटं आठ असती तर दहाऐवजी आठाच्या पटीत मोजलं असतं आणि हीच संख्या १४४६५११ अशी लिहिली असती. बेरीज २२. विषम संख्येला बावीसने भाग जाईल का? गेला हर्ष.

सातरस्ताकर
बरं, हर्षद सोडलं. आता बोटांशी संबंध नसलेलं घे.
३२४² + ५५५² = १०४९७६ + ३०८०२५
५७६² + २८५² = ३३१७७६ + ८१२२५
दोन्हीकडे ४१३००१. बोटं बारा असली तरी हे हलत नाही.

गणिताच्या बाई
पडताळलं, बरोबर आहे. १०९ आणि ४२१, दोघांना चाराने भागलं की बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, हा फर्माचा नियम: १०० + ९ आणि २२५ + १९६. अशा दोन वेगळ्या संख्या गुणल्या की दोन तऱ्हा मिळतात. खरी गंमत तीनची. त्याची बाकी ३, तो मोडता घालणारा. इथे दोनदा आलाय म्हणून खपला. एकदाच असता तर एकही तऱ्हा नसती. ३ × १०९ × ४२१ म्हणजे १३७६६७ घेऊन बसा, रात्र सरेल पण जमणार नाही.

शेंगाचटणी
छान, पण ६५ बघा: ६४ + १, ४९ + १६. दोन अंकांत काम झालं. सहा अंकी तर अशा ढिगाने सापडतील. रामानुजनची १७२९ वेगळी, दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी होणारी ती सर्वांत लहान. आपली कशात पहिली आहे?

सातरस्ताकर
पहिलीच कशाला हवी? गड्ड्याच्या जत्रेत काय पहिला आलेलाच जातो?

हातमाग
चादरीवर मोर उमटतो कारण मागावरच्या जेकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याला कुणीतरी मोजून भोकं पाडलेली असतात. पिनाला कुणी पाडली?

गणिताच्या बाई
कुणीच नाही. तरी मोर आहे ना?

हातमाग
बाई, एक विचारतो. आमचा पिन ४१३००४. बेरीज १२, बाराने भागलं तर ३४४१७, पूर्ण. म्हणजे हर्षद आहे. पण त्यात तीन एकदाच येतो. मग वर्गांचं काहीच नाही का?

गणिताच्या बाई
नाही. एकही तऱ्हा नाही.

सातरस्ताकर
रात्री दीड वाजता भागाकार कोण करत बसलं होतं बे?